आधी पाठ बघू

गेल्या वर्षी जुलै महिन्यात ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील एका घरून मला बोलावणे आले. घरातील ८१ वर्षांच्या आजोबांचे खुब्याचे हाड मोडले होते, बारा दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती आणि आता टाक्यांचे ड्रेसिंग करायला घरी येणारी परिचारिका हवी होती. बाहेर पाऊस कोसळत होता, खोलीत दोरीवर अर्धवट वाळलेल्या चादरी टांगलेल्या होत्या आणि खाटेवर आजोबा डोक्याखाली तीन उशा घेऊन, अर्धे बसलेले अर्धे घसरलेले, असे पडून होते. ड्रेसिंगचे सामान उघडण्यापूर्वी मी सवयीने त्यांच्या सूनबाईंना म्हटले, "ताई, आधी पाठ बघू."

त्या जराशा दुखावल्या. "पाठ एकदम छान आहे, सिस्टर. मी रोज पुसून पावडर लावते," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. आम्ही दोघींनी मिळून आजोबांच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवली आणि त्यांना चांगल्या पायाच्या बाजूला हळूच कलते केले. पाठ पावडरीने पांढरी झाली होती. ओल्या कापसाने ती पुसून काढली, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि मग माकडहाडाच्या थोडे वर, रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याएवढा एक डाग नजरेस आला. तो लाल नव्हता. आयुष्यभर समुद्रावर आणि खाडीवर उन्हात काम केलेल्या त्या सावळ्या कातडीवर तो फक्त आजूबाजूपेक्षा थोडा अधिक गडद, किंचित जांभूळसर असा दिसत होता. बोटांची मागची बाजू त्यावर टेकवली तेव्हा तिथली त्वचा शेजारच्या त्वचेपेक्षा स्पष्टपणे गरम लागली आणि दाबून पाहिल्यावर खालचा भाग मळून ठेवलेली कणीक वरून सुकावी तसा घट्ट जाणवला. आजोबांनी दात आवळले. मी बोट काढून घेतले आणि वाट पाहिली. रंगात काहीही फरक पडला नाही.

त्वचा कुठेही फाटलेली नव्हती, पाणी नव्हते, रक्त नव्हते. सूनबाई म्हणाल्या, "हे तर दिसलंच नाही मला." ट्यूबलाइटच्या उजेडात, पावडरीखाली, ते दिसण्यासारखे नव्हतेच. हात लावल्यावर मात्र ते लपत नव्हते.

मी गेली २६ वर्षे परिचारिका आहे. त्यातील सतरा वर्षे रुग्णालयांत गेली आणि त्यानंतर ठाण्यापासून ऐरोली, घणसोली, नेरुळपर्यंत घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा मी करते. या काळात मला सर्वांत जास्त ज्या गोष्टीने अस्वस्थ केले ती म्हणजे हा आजार, ज्याला पुस्तकात शय्याव्रण म्हणतात आणि वॉर्डात आम्ही सगळ्या बेडसोर म्हणतो. या विषयातील अमेरिकेतील राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये व्रण हा शब्द सोडून दाबामुळे होणारी इजा असा शब्द स्वीकारला. शब्द बदलून काय होते असे कुणाला वाटेल, पण मला हा बदल मनापासून पटला, कारण व्रण म्हटले की माणूस जखम उघडण्याची वाट पाहतो आणि चेंदणीतल्या त्या आजोबांना जखम नव्हती, इजा मात्र झालेली होती.

ती होते कशी, हे घरच्यांना मी हाताच्या तळव्यावर दाखवते. तळव्यावर अंगठा जोरात दाबून धरला की तिथले रक्त बाजूला सरते आणि ती जागा फिकट पडते. अंगठा काढला की रक्त परत येते. गादी आणि हाड यांच्यामध्ये सापडलेल्या मांसाचे तेच होते, फरक एवढाच की तिथला अंगठा कुणी काढत नाही. युजीन लँडिस या संशोधकाने १९३० मध्ये निरोगी माणसांच्या नखाजवळच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतील दाब मोजला तेव्हा धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. हा आकडा पुढे सुरक्षित मर्यादा असल्यासारखा वापरला गेला, पण तो तसा वापरणे बरोबर नाही, कारण कृश, वृद्ध, मधुमेही किंवा रक्तदाब खाली गेलेल्या माणसाच्या वाहिन्या त्याहून कमी दाबालाही मिटतात. शिवाय थोडा वेळ पडलेला मोठा दाब आणि फार वेळ पडलेला लहान दाब हे दोन्ही सारखेच नुकसान करू शकतात. आपण निरोगी माणसे झोपेतही कूस बदलतो, कारण दाबलेली जागा दुखते आणि ते दुखणे आपल्याला हलवते. ज्याला दुखणे कळत नाही किंवा कळूनही हलता येत नाही, त्याच्या वतीने ते हलणे दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते. शुश्रूषेचा हा भाग मला नेहमीच औषध देण्याइतका गंभीर वाटत आला आहे.

सर्वाधिक दाब हाडाला चिकटलेल्या खोल मांसावर येतो आणि स्नायू हे कातडीपेक्षा लवकर मरतात. म्हणून कित्येकदा आत सगळे सडलेले असते आणि वर फक्त एक जांभळट चट्टा असतो. असा चट्टा मूळ घटनेनंतर साधारण दोन ते तीन दिवसांनी उमटतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर काही तास किंवा अपघात विभागातील कडक स्ट्रेचरवर अख्खी रात्र काढलेल्या रुग्णाची पाठ वॉर्डात आल्यावर तिसऱ्या दिवशी काळवंडते, तेव्हा त्याचे कारण त्या दिवशीच्या पाळीत शोधून उपयोग नसतो.

दाबाला घसटणे मिळाले की नुकसान वाढते. आजोबांच्या डोक्याखाली तीन उशा होत्या, त्यामुळे त्यांचे शरीर सतत पायथ्याकडे सरकत होते. कातडी चादरीला चिकटून वरच राहत होती आणि आतले हाड खाली ओढले जात होते. या ओढाताणीत मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. जेवणाची वेळ आणि त्यानंतरचा थोडा काळ सोडला तर खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवू नये, असे जे सांगतात त्याचे कारण हे आहे. ज्यांना दमा आहे, ज्यांना नळीने अन्न दिले जाते किंवा ज्यांचे हृदय कमकुवत आहे, त्यांच्या बाबतीत हा नियम तसाच्या तसा लावता येत नाही आणि तिथे डॉक्टरांशी बोलूनच मार्ग काढावा लागतो.

मला इथे माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. पक्षाघात झालेले एक गृहस्थ माझ्या वॉर्डात होते, त्यांच्या खाटेशी दर दोन तासांनी पोझिशन बदलल्याची नोंद करायचा तक्ता अडकवलेला होता. वॉर्ड भरलेला होता, आम्ही दोघीच होतो आणि पहाटे सहा वाजता, पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवण्यापूर्वी, मी रात्रीच्या सगळ्या चौकटींत एकदम खुणा केल्या. त्यांना मी दोनदा वळवले होते. खुणा पाच होत्या. त्यांच्या एका पायावर थंडी वाजू नये म्हणून मुलाने घातलेला लोकरी मोजा होता, जो चार दिवस कुणीही काढून पाहिला नव्हता, आणि चौथ्या दिवशी सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी तो काढला तेव्हा टाच काळी पडलेली होती. तक्ता पूर्ण भरलेला होता. त्यावर माझ्यासह सहा जणींच्या सह्या होत्या. कुणी कुणाला काही बोलले नाही, पण त्या टाचेचा रंग मी विसरलेले नाही, आणि त्या दिवसापासून न केलेल्या कामावर मी खूण केलेली नाही. जिथे वळवता आले नाही तिथे वळवता आले नाही असे लिहिते, कारणासह. अशा नोंदींमुळे मला एकदोनदा बोलणीही खावी लागली, पण रुग्णाला वळवायला माणूस नाही ही गोष्ट कागदावर आल्याशिवाय माणूस मिळत नाही.

धोका किती आहे हे मोजण्यासाठी मापनश्रेणी आहेत. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून तयार केलेली श्रेणी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे रुग्णालयांत आता जी बहुधा वापरतात ती ब्रेडन श्रेणी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी तयार केली आणि ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. या तिघीही परिचारिका होत्या, याचा मला फार अभिमान वाटतो. ब्रेडन श्रेणीत सहा गोष्टी पाहतात: दाब किंवा वेदना जाणवते का, त्वचा किती ओली राहते, रुग्ण खाटेबाहेर किती वावरतो, खाटेत स्वतःहून किती हलतो, खातो किती, आणि घसटणे किती होते. पहिल्या पाचांना १ ते ४ आणि शेवटच्या गोष्टीला १ ते ३ गुण असतात. एकूण गुण ६ ते २३ यांमध्ये येतात आणि जितके गुण कमी तितका धोका जास्त. साधारणपणे १८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका आहे असे धरतात, १० ते १२ म्हणजे मोठा धोका आणि ९ किंवा त्याखाली म्हणजे अतिशय गंभीर.

चेंदणीच्या आजोबांचे गुण मी त्यांच्या खाटेपाशी बसून सूनबाईंसमक्ष काढले. मधुमेहामुळे पायांची जाणीव थोडी मंद झाली होती, म्हणून ३. डायपर दिवसातून दोनदाच बदलला जात होता, म्हणून ओलेपणासाठी २. खाटेबाहेर ते आलेच नव्हते, १. खाटेत हात हलवत, पण कूस स्वतःला बदलता येत नव्हती, २. जेवण अर्धे, २. सतत घसरत होते, १. बेरीज ११. सूनबाईंनी विचारले, "म्हणजे नापास का?" मी त्यांना सांगितले की या बेरजेपेक्षा त्यातील प्रत्येक आकडा महत्त्वाचा आहे, कारण उपाय प्रत्येक आकड्यापाशी वेगळा आहे. ओलेपणाला २ मिळाले असतील तर हवेची गादी आणून ते ३ होत नाहीत आणि जेवणाला २ मिळाले असतील तर कूस बदलून ते भरून निघत नाहीत. मी अशी कितीतरी केसपेपरे पाहिली आहेत ज्यांत ११ किंवा १२ हा आकडा व्यवस्थित लिहिलेला असतो आणि त्याच्याखाली त्या आकड्यामुळे काय केले याची एक ओळही नसते. तो आकडा काढायला लागलेली पाच मिनिटे वाया गेलेली असतात.

आजोबांच्या घरी आम्ही एकेक आकडा हाती घेतला.

कूस बदलण्यापासून सुरुवात केली. दोन तासांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो दगडावरची रेघ नाही. अमेरिका आणि कॅनडातील वृद्धाश्रमांमध्ये केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगल्या प्रतीच्या दाट फोमच्या गाद्यांवर झोपणाऱ्या वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवले तरी जखमा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बर्गस्ट्रॉम याच त्या अभ्यासाच्या प्रमुख होत्या. मात्र आपल्या घरातील कापसाची दबलेली गादी म्हणजे ती फोमची गादी नव्हे, आणि ज्याची पाठ आधीच गरम आणि घट्ट झाली आहे त्याला चार तास तसेच ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. आजोबांसाठी आम्ही दिवसा दोन तास आणि रात्री तीन तास ठरवले, कारण रात्री त्यांच्यासोबत एकटा मुलगा असे आणि त्याला सकाळी कामावर जायचे असे. न झेपणारे वेळापत्रक तिसऱ्या दिवशी मोडते हे मी अनुभवाने सांगते.

पूर्ण कुशीवर झोपवणे टाळायचे, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून शरीर सुमारे ३० अंशांत कलते ठेवले की माकडहाडही मोकळे राहते आणि खुबाही. सूनबाईंना मी सांगितले की कलते केल्यावर आपला हात खालून सरकवून माकडहाड गादीपासून सुटले आहे का, ते चाचपायचे. हात सहज गेला तर बरोबर. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला कलते करायचे की नाही, हे त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांना फोन करून विचारून घेतले आणि गुडघ्यांमधील उशी कधीच काढायची नाही हेही त्यांनी सांगितले. टाचांसाठी पोटऱ्यांखाली लांबट उशी ठेवली, म्हणजे टाचा हवेत तरंगतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचे नाही. खाली घातलेल्या आडव्या चादरीची दोन्ही टोके दोघांनी धरून उचलायचे. त्या घरात जाळे ओढणारे हात होते, त्यामुळे हे तंत्र मुलाने माझ्यापेक्षा चांगले केले.

मग मी कमरेखाली ठेवलेली हवेची रबरी रिंग काढून टाकली. ही रिंग कुणीतरी प्रेमाने आणून दिलेली असते, ती काढा म्हटले की वाईट वाटते. पण मधली जागा मोकळी ठेवण्यासाठी ती कडेने गोल दाब देते आणि त्या गोलाच्या आतल्या भागाचे रक्त चहूबाजूंनी अडवते. तसेच चोळण्याचे. मी शिकत होते तेव्हा स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळणे हा बॅक केअरचा भागच होता आणि आम्ही ते जीव तोडून करत असू. आता हे सांगितले जाते, आणि मला ते पूर्ण पटले आहे, की हाडावरची लाल झालेली किंवा घट्ट झालेली जागा चोळू नये. आत आधीच तुटत आलेल्या वाहिन्या चोळण्याने आणखी तुटतात. स्पिरिट कातडी कोरडी करते आणि पावडर घामाशी मिसळून गोळे होतात, शिवाय आपण पाहिलेच की ती डाग लपवते. माझ्या हातांनी चोळलेल्या पाठी आठवल्या की वाईट वाटते, पण त्या वेळी आम्हाला हेच शिकवले गेले होते.

हवेची गादी आजोबांच्या मुलाने ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून भाड्याने आणली होती आणि ती चालूही होती. तिच्यावर मात्र प्लास्टिक, त्यावर रेक्झिन, त्यावर चादर आणि त्यावर आजीच्या हातची दुहेरी गोधडी होती, कारण गादी टोचते आणि पंपाचा आवाज येतो अशी आजोबांची तक्रार होती. इतक्या थरांवर झोपलेल्या माणसाला त्या गादीचा काही उपयोग नाही. मी सगळे काढले, एकच सुती चादर सैल घातली. मग हाताचा तळवा वर करून गादीखाली, नेमक्या माकडहाडाखाली सरकवला. त्यांचे हाड माझ्या हाताला लागत होते, म्हणजे गादी तिथे पुरती दबली होती. निदान एक इंच हवा मध्ये जाणवली पाहिजे. पंपाची कळ त्यांच्या वजनाप्रमाणे फिरवली तेव्हा हाड हाताला लागायचे थांबले. वीज गेली की ही गादी हळूहळू बसते आणि माणूस थेट फळीवर येतो, म्हणून त्या वेळी लगेच वळवणे सुरू करायचे हे घरातील सगळ्यांना सांगून ठेवले. हवेच्या गादीमुळे कूस बदलण्याची गरज संपते असे समजणारी घरे मला दर महिन्याला भेटतात.

ओलेपणाचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच तीव्र आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की चादर अंगाखालीच ओलसर होते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने तेच होते. ओली कातडी फुगते, मऊ पडते आणि चादरीला घासून सोलवटते. डायपर दिवसातून दोनदा हा हिशेब मी खर्चाच्या बाजूनेही समजू शकते, कारण महिन्याला डायपरवर होणारा खर्च पेन्शनीच्या घरालाही जड जातो. आम्ही दिवसा डायपर काढून लघवीचे भांडे आणि खाली सुती तुकडे असे केले, डायपर फक्त रात्री ठेवला. शीचा स्पर्श झाला की कोमट पाण्याने धुवायचे, घासायचे नाही, टिपायचे, आणि वर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. इथे तपासणीची एक अडचण सांगते. मांडीच्या सांध्यात, नितंबांच्या घडीत पसरलेला, कडा अस्पष्ट असलेला लाल सोलवटलेला भाग हा बहुधा लघवी आणि शी यांमुळे झालेला दाह असतो, तर हाडावर नेमकी उमटलेली, कडा ठळक असलेली जागा दाबाची असते. दोन्ही एकत्रही असतात. पण दाह समजून नुसते मलम लावत राहिले आणि दाब तसाच ठेवला, तर आठवडा वाया जातो.

जेवणाचे कळले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. शेजारणीने मासे खाल्ले की टाके पिकतात असे सांगितल्यामुळे कोळ्याच्या त्या घरात आजोबांना बारा दिवस मासळी बंद होती, अंडेही बंद होते आणि ते तांदळाची पेज व साखर घातलेला चहा यांवर होते. नवीन कातडी आणि मांस प्रथिनांतून तयार होते. ज्यांना जखम आहे किंवा जखमेचा धोका आहे, त्यांना दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा मिळावी असे मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचे. आजोबांचे वजन ५२ किलो, म्हणजे दिवसाला ६५ ते ७८ ग्रॅम. पेजेतून त्याचा चौथा भागही मिळत नव्हता. बोंबलाचे कालवण त्याच संध्याकाळी सुरू झाले. शाकाहारी घरांत मी मुगाचे घट्ट वरण, दही, पनीर, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि दुधात कालवलेले सातूचे पीठ सांगते. दात नसलेल्या माणसाला हे सगळे मऊ करून द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ हीदेखील शुश्रूषाच आहे.

आजोबांची इजा फार खोल गेली नाही. प्रत्येकाचे असे होत नाही. त्वचा अखंड पण दाबल्यावर रंग न बदलणारी असेल तर पहिली अवस्था. वरचा थर गेला, उथळ ओली जागा किंवा पाण्याचा फोड दिसला तर दुसरी. खालची चरबी दिसली तर तिसरी. स्नायू, स्नायुबंध किंवा हाड दिसले किंवा हाताला लागले तर चौथी. तळ पिवळ्या बुरशीसारख्या मृत थराने किंवा काळ्या खपलीने झाकलेला असेल तर अवस्था ठरवता येत नाही असेच लिहायचे. अंदाजाने आकडा टाकायचा नाही. आणि जांभळट, अखंड, घट्ट किंवा भुसभुशीत लागणारा भाग खोल इजा म्हणून वेगळा नोंदवायचा. आजोबांच्या डागाची नोंद मी अशीच केली होती. जखम भरत आली म्हणून चौथ्या अवस्थेची जखम तिसरी होत नाही. ती भरत असलेली चौथ्या अवस्थेची जखमच राहते, कारण गेलेला स्नायू परत येत नाही, तिथे वणाची ऊती भरते आणि ती जागा कायमची दुबळी राहते.

जखम असेल तर आठवड्यातून किमान एकदा मोजायची. डोक्यापासून पायाच्या दिशेने लांबी, त्याला काटकोनात रुंदी, आणि निर्जंतुक कापसाची काडी आत टेकवून खोली. कडेखाली पोकळी आहे का ते त्याच काडीने हलके फिरवून पाहायचे आणि ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहायची. डोके म्हणजे बारा वाजले. नेरुळच्या एका घरी वरून दोन सेंटिमीटर दिसणारी जखम तीन ते सात वाजेपर्यंत आतून चार सेंटिमीटर पोकळ निघाली होती आणि घरचे ती भरत आली म्हणून समाधानात होते. स्राव किती, वास कसा, आजूबाजूची कातडी गरम किंवा सुजलेली आहे का, ड्रेसिंग काढताना दुखते का, हे लिहायचे. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली असे अजूनही मानले जाते. तो फेस नव्या कोवळ्या पेशींनाही मारतो. हळद, कॉफी पावडर, साखर भरलेल्या जखमा मी धुतल्या आहेत, आणि त्या भरणाऱ्यांवर रागावण्यात अर्थ नसतो. साधे सलाइन वापरायचे एवढे समजावून सांगितले की बहुतेक लोक ऐकतात. टाचेवरची कोरडी, घट्ट, न हलणारी काळी खपली मात्र संसर्गाची लक्षणे नसताना सोलून काढू नये, कारण तीच तिथे झाकण असते.

नळ्यांकडेही पाहावे. ऑक्सिजनची नळी कानामागे, नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब नाकपुडीच्या कडेला, लघवीची नळी मांडीखाली दबून, अशा बारीक जखमा करतात. पाठ पाहण्याच्या नादात कानामागे पाहायचे राहून जाते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिले होते की रुग्णाला बेडसोर झाला तर दोष सहसा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. आमच्या प्रशिक्षणात हे वाक्य आम्हाला जवळजवळ धाक म्हणून सांगितले जाई. मी त्याच्याशी बरीच सहमत आहे, पण पूर्ण नाही. ऐरोलीला कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील एका काकूंकडे मी दोन महिने जात होते. त्यांच्या सुनेने आणि दिवसपाळीच्या मावशींनी जे केले त्यात मला एकही उणीव काढता आली नाही, तरी शेवटच्या आठवड्यात माकडहाडाची जागा दोन दिवसांत उघडली. शरीर बंद होत जाताना रक्त आतल्या अवयवांकडे वळते आणि कातडीही एक अवयव म्हणून निकामी होते. २०१० मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेतही बहुतेक जखमा टाळता येतात, पण सगळ्याच टाळता येत नाहीत, असे मान्य झाले. वळवले की काकूंना फार वेदना होत, तेव्हा आम्ही वळवणे कमी केले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या सुनेला मी हे सगळे दोनदा समजावले, कारण ती स्वतःला दोष देत होती.

मावशींचे नाव निघालेच आहे तर त्यांच्याविषयी लिहिलेच पाहिजे. ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी अंथरुणावरच्या रुग्णांना प्रत्यक्ष वळवणारे हात ब्युरोतून येणाऱ्या या स्त्रियांचे असतात. बारा तासांची पाळी, दिवा किंवा कळव्याहून गर्दीच्या लोकलने यायचे, घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक. त्यांच्यापैकी कितीजणींना कुणी पाठ कशी पाहायची हे शिकवले आहे? पगार ठरवताना त्यांना कपडे, भांडी, जेवण भरवणे येते का हे विचारतात. मी जाते त्या प्रत्येक घरी मावशींना शेजारी उभे करते आणि त्यांचा हात धरून रुग्णाच्या माकडहाडावर, टाचेवर, घोट्यावर, कोपरावर, खवाट्यावर फिरवते. गरम लागतंय का, घट्ट लागतंय का, शेजारच्या जागेशी ताडून बघा. दोन भेटींत त्यांना ते येते. रुग्णाच्या अंगाची रोजची ओळख त्यांना असल्यामुळे पुढे पुढे फरक माझ्याआधी त्यांच्याच लक्षात येतो.

चेंदणीच्या घरी तशा मावशी नव्हत्या, सूनबाईच होत्या. सुरुवातीचे चार दिवस डाग आणखी काळवंडला आणि मी मनातून घाबरले होते. शल्यविशारदांना फोटो दाखवून ठेवला होता. सहाव्या दिवशी उष्णता कमी झाली. नवव्या दिवशी वरचे पातळ साल सुटले आणि खाली गुलाबी, ओलसर, पण उथळ जागा दिसली. तिच्यावर फोमचे ड्रेसिंग केले. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने आजोबांना वॉकर धरून उभे केले आणि ते खुर्चीत बसू लागले, तेव्हा बसल्या जागी दर पंधरा मिनिटांनी थोडे उठून भार हलवायचा हे नवे काम आले. चौथ्या आठवड्यात मी पुन्हा गुण काढले. १६ झाले.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी सूनबाईंचा फोन आला. आवाजात घाई होती. "सिस्टर, पाठ बरी आहे. पण आज उजव्या टाचेला हात लावला, तर डावीपेक्षा गरम लागतेय. दिसत काहीच नाही." मी त्यांना पोटरीखालची उशी तपासायला सांगितली. ती रात्री सरकून घोट्याखाली आली होती. दुपारी मी गेले तोवर टाच पुन्हा डावीइतकीच थंड झाली होती आणि आजोबा खिडकीशी खुर्चीत बसून, पाय स्टुलावर, टाच स्टुलाच्या कडेबाहेर काढून, पेपर वाचत होते.